ताराबाईंचे आयुष्य १७०७ साली संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इतिहासातील कर्तबगार स्त्रियांवरच्या कादंबऱ्यांना मराठीत वाचकांची वाण नाही, हे कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले तरी कळते. येसूबाई, ताराबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई यांच्यावरची पुस्तके फळीवर फार काळ टिकत नाहीत, आणि परत येतात तेव्हा त्यांची बांधणी खिळखिळी झालेली असते. मीही याच वाचकांपैकी एक. या वाचनात नेमका कोणता आनंद आहे आणि आपले बरेच कादंबरीकार तो अर्ध्यावरच का आटोपता घेतात, याविषयी थोडे लिहीत आहे.

मुखपृष्ठांवरून पाहिले तर हा आनंद घोड्याचा आणि उगारलेल्या तलवारीचा असावा असे वाटेल. (घोडा बहुधा पांढराच असतो.) मला मात्र खरी गोडी लागते ती समोर अंधार असताना एखादी बाई निर्णय घेते तेव्हा. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला. त्या वेळी राजारामांनी गडाबाहेर पडून राज्य राखावे आणि आपण लहानग्या शाहूसह गडावरच राहावे, असे येसूबाईंनी ठरवले. पुढे काय झाले ते वाचकाला ठाऊक असते, त्यांना ते ठाऊक नव्हते. त्याच वर्षी गड पडला, त्या मोगलांच्या कैदेत गेल्या आणि १७१९ साली परतल्या. या तीस वर्षांबद्दल कागद फार थोडे बोलतात, आणि कादंबरीकाराचा हक्क सुरू होतो तो येथेच. छावणीबरोबर गावोगाव फिरणाऱ्या त्या कैदेत त्यांनी मुलाला काय शिकवले असेल, परमुलखात सणवार कसे पाळले असतील, याची कल्पना जबाबदारीने केलेली वाचायला मिळाली की पुस्तक हातावेगळे करवत नाही.

अहिल्याबाईंच्या बाबतीत राघोबादादांना त्यांनी पाठवलेल्या खरमरीत निरोपाची कथा प्रत्येक कादंबरीत रंगते. ती रंगावीच. पण १७६७ पासून १७९५ पर्यंतचा त्यांचा कारभार म्हणजे काही एक निरोप नव्हे. तुकोजी होळकर फौजेसह दूर मुलखात, खजिन्याची किल्ली महेश्वरी, आणि पैशावरून दोघांत सतत कुरबूर, हे चित्र त्या काळच्या पत्रव्यवहारात दिसते. घाट आणि मंदिरे बांधणाऱ्या बाईने आपल्याच सेनापतीकडे हिशेबाचा तगादा लावावा, हे मला कोणत्याही लढाईपेक्षा अधिक वाचनीय वाटते.

सर्वांत मोठी तक्रार आहे ती ताराबाईंविषयी. हंबीरराव मोहित्यांची ही लेक १७०० साली, राजाराम महाराज सिंहगडावर वारले तेव्हा, अवघी पंचविशीची होती. लहान मुलाला गादीवर बसवून पुढची सात वर्षे तिने औरंगजेबाशी झुंज दिली. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या खाफीखानानेही तिच्या हुशारीची आणि कारभाराची तारीफ केली आहे. १७०७ साली बादशहा अहमदनगरजवळ मेला, आणि बहुतेक कादंबऱ्या तेथेच पडदा पाडतात. ताराबाई त्यानंतर चोपन्न वर्षे जगल्या.

त्या चोपन्न वर्षांत काय नाही? सुटून आलेल्या शाहूंशी खेडची लढाई, कोल्हापूरची वेगळी गादी, १७१४ मध्ये सवतीने, राजसबाईंनी, आपल्या मुलासाठी केलेली उलथापालथ, मग पन्हाळ्यावरची कैद. १७४९ साली शाहू वारल्यावर ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. तो पेशव्यांच्या तंत्राने चालू लागताच वर्षभरात त्यांनी त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले. त्यांच्या मदतीला फौज धाडली ती उमाबाई दाभाड्यांनी, ज्यांचा मुलगा त्र्यंबकराव १७३१ साली डभईस बाजीरावाशी लढताना पडला होता. पंच्याहत्तरीची ताराबाई आणि पेशव्यांवर जुना दंश धरून बसलेली उमाबाई, या दोन विधवांनी नानासाहेब पेशवा दूर मोहिमेवर असताना त्याची झोप उडवली. उमाबाईंचा सरदार दमाजी गायकवाड गुजरातेतून साताऱ्यापर्यंत येऊन थडकला. बेत फसला. तरीही ताराबाईंनी किल्ला सोडला नाही, आणि १७५२ साली जेजुरीस खंडोबासमोर, रामराजा आपला नातू नव्हेच, असे शपथेवर सांगून त्या मोकळ्या झाल्या.

खरे काय आणि खोटे काय, यावर इतिहासकारांनी वाद घालावा. कादंबरीकाराला याहून मोठे देणे कोणते हवे? पण या ताराबाई पूजेला बसवता येत नाहीत. त्या हट्टी आहेत, कारस्थानी आहेत, नातू म्हणवलेल्या माणसाविषयी निष्ठुर आहेत, आणि म्हणूनच बहुधा त्या पुस्तकाबाहेर राहतात. शूर पण निर्दोष, करारी पण मवाळ बोलणारी अशी नायिका आपल्याला चालते. पुरुषांच्या बाबतीत आपण इतके सोवळे नसतो. राघोबादादांची महत्त्वाकांक्षा कादंबरीत खपते, तिला खुमारीही येते, मग ताराबाईंचीच का झाकायची? साधने नाहीत ही सबबही टिकणारी नाही, कारण शिवाजी विद्यापीठाने ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड छापून कैक वर्षे झाली आहेत.

आपल्या पुरवणीत अशा कादंबऱ्यांची परीक्षणे येतात. त्यांत भाषा ओघवती आहे आणि प्रसंग डोळ्यांसमोर उभे राहतात, एवढे सांगून परीक्षक थांबतात. कथानक चरित्राच्या कोणत्या वर्षी थांबते, कोणता भाग कागदांत सापडतो आणि कोणता लेखकाने रचला आहे, हेही त्यांनी दोन ओळींत नोंदवावे, अशी विनंती आहे. प्रकाशकांनी पुस्तकाच्या शेवटी लेखकाचे चार पानांचे निवेदन छापले तर उत्तमच. त्याने कादंबरीची रंगत उणावेल असे मला वाटत नाही, उलट माझ्यासारखे वाचक तेवढ्यासाठी पुस्तक दुसऱ्यांदा घरी नेतील.

आपली,
एक नियमित वाचक,
सातारा