अवतार म्हणून मोकळं होऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या पुरवणीतला तुमचा लेख वाचला, अगदी प्रेमाने लिहिलाय यात वाद नाही, पण त्यात एक वाक्य होतं की येशू म्हणजे आपल्या दशावतारासारखाच देवाचा एक अवतार, नावं वेगळी बाकी सगळं सेम. ते वाक्य काही डोक्यातून जाईना. मी हिंदू माणूस, मूळ पेडण्याचा, गेली तीसेक वर्षं म्हापशात, म्हणजे ख्रिश्चनांनी मला वकीलपत्र दिलंय अशातला भाग नाही. पण हेच वाक्य मीही आयुष्यभर जिथे तिथे टाकत आलोय आणि एकदा त्यावरून तोंडावर पडलोय, म्हणून लिहितो.

शेजारच्या आंटीकडे दरवर्षी नाताळचा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, करतात. पंधरा दिवस आधी ताटात नाचणी पेरायची, ती वर आली की त्याचं गवत, मग मेंढरं, धनगर, गाय, सायबीण म्हणजे येशूची आई मारिया, सां जुझे म्हणजे तिचा नवरा योसेफ, सगळे आपापल्या जागी, आणि मधली गव्हाण मात्र रिकामी. बाळ ठेवायचं ते २४ च्या मध्यरात्री. माझी मुलगी तेव्हा चार-पाच वर्षांची, तिने विचारलं की बाळ कुठाय, तर मी शहाणपणा करत म्हटलं, अगं आपला विष्णू कसा वेष घेऊन येतो, तसा हा पण रात्री येणार. आंटी नेवऱ्या तळत होती. झारा तसाच हातात धरून म्हणाली, "वेस घेवन न्हय रे, तो सारकोच मनीस जालो." म्हणजे वेष घेऊन नाही रे, तो खराखुरा माणूस झाला. आणि परत तळायला लागली.

मला तेव्हा वाटलं, काय एवढा फरक पडतो. पण वेष म्हटल्यावर आमच्या पेडण्याच्या माणसाला दुसरं काय आठवणार? जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक, पेट्रोमॅक्सचा उजेड, आणि पहाटे देवळामागे चहाचा ग्लास घेऊन उकिडवा बसलेला विष्णू, अर्धा रंग पुसलेला, मुकुट बाजूला ट्रंकेवर ठेवलेला. लहानपणी मला तो प्रकार नाटकापेक्षा जास्त आवडायचा. आंटीचं म्हणणं इतकंच होतं की त्यांच्या देवाला तो रंग पुसायची सोयच नाही.

पुढे एका ओळखीच्या पाद्रीकडून हे नीट समजून घेतलं. गंमत म्हणजे मी जे मुलीला सांगितलं तेच सुरुवातीच्या काळात काही ख्रिश्चन पण म्हणत होते, की येशू दिसायला माणूस, आत नुसता देव, भूक दुःख सगळं वरवरचं. चर्चने ते साफ नाकारलं. मग अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू उलट्या बाजूने म्हणाला, की पुत्र, म्हणजे येशू, हा देवाने निर्माण केलेला, त्याच्या बरोबरीचा नव्हे. त्यावर ३२५ साली निकियाला बिशपांची सभा भरली आणि पुत्र हा पित्याच्याच तत्त्वाचा असं ठरलं. भांडण तरी मिटलं का, तर नाही, ४५१ साली खाल्सेदोनला परत बसले आणि सांगितलं की पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, एकात दुसरा विरघळलेला नाही आणि दोघं वेगळेही काढता येत नाहीत. दोन्ही गावं आजच्या तुर्कीत. शंभर-सव्वाशे वर्षं माणसं एकेका शब्दावरून बिशपपद सोडून हद्दपार व्हायला तयार होती, आणि आपण एका ओळीत "सेम" लिहून मोकळे.

आता कोणी म्हणेल आपला राम पण सीतेसाठी रडला, कृष्ण पण पारध्याच्या बाणाने गेला, मग राहिलं काय? बरोबर आहे, म्हणून रडण्या-मरण्यावरून फरक शोधायला गेलो तर फसायला होतं. फरक मला दिसतो तो "युगे युगे" मध्ये. गीतेत भगवान म्हणतात मी पुन्हा पुन्हा येतो, धर्माला ग्लानी आली की येतो, काम झालं की अवतार संपला. ख्रिस्ती श्रद्धेत येणं एकदाच, आणि आल्यावर माणूसपण परत टाकलेलं नाही. मेल्यावर उठला तरी थोमासला हाताच्या जखमा दाखवल्या, आणि स्वर्गात गेला तोही शरीरासकट, असं ते मानतात. आणि मधली वर्षं? विहिरीवर दमून बसलेला, होडीत झोपलेला, आणि शेवटचा दिवस कधी ते मलाही माहीत नाही म्हणणारा देव. हे शेवटचं वाक्य शुभवर्तमानात आहे, मी स्वतः काढून बघितलं, कारण पाद्रीने सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं.

मला वाटतं आपल्याला यात धक्का बसत नाही याचं कारण आपल्याकडे देव आणि माणूस यांच्यातलं कुंपणच बुटकं. देव अंगात येतो, कौल देतो, पालखीतून भेटायला जातो, म्हापशाची मिलाग्र सायबीण आणि शिरगावची लईराई बहिणी म्हणून आपण तेल आणि मोगरीची देवाणघेवाण पण करतो. येशू ज्यांच्यात जन्मला त्या यहुद्यांकडे तसं नव्हतं, देवाची मूर्ती करायलाही बंदी, अशा लोकांमधल्या काहींनी एका सुताराच्या पोराला देव म्हटलं, म्हणजे काय झालं असेल विचार करा.

मराठीत ही गोष्ट सांगायची खटपट आपल्याच गोव्यात झालीय हे लेखात यायला हवं होतं. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचा, जेझुइट संघाचा पाद्री, १५७९ साली गोव्यात आला आणि त्याने ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला राशोलला छापलं. स्वर्गाला वैकुंठ म्हणाला. हो, त्याच्या आधी साष्टीत देवळं मोडली, मंगेश कुठ्ठाळीहून नदीपार न्यावा लागला, हे मला कोणी शिकवायला नको आणि ते विसरावं असंही मी म्हणत नाही. पण भाषेचं काम म्हणून बघितलं तर त्याला समोरच्याचा शब्दही घ्यायचा होता आणि आपला अर्थही सांडू द्यायचा नव्हता, आणि हे किती अवघड ते तुमच्या लेखातल्या त्या एका वाक्यावरूनच कळतं.

देव माणूस झाला हे मराठी बायबलात "शब्द देही झाला" असं आहे, शब्द म्हणजे येशू, आणि पुढे "आमच्यामध्ये वस्ती केली". ते वस्ती मला फार आवडलं. आम्ही लहानपणी वस्तीची गाडी म्हणायचो, रात्री गावात येऊन मुक्कामाला राहणारी, ड्रायव्हर-कंडक्टर कोणाच्या तरी पडवीत झोपायचे.

यंदा आंटीबरोबर मध्यरात्रीच्या मिसाला गेलो होतो. श्रद्धेची प्रार्थना म्हणताना तो मनुष्य झाला ही ओळ आली आणि अख्खी इगर्ज, म्हणजे चर्चमधली सगळी माणसं, गुडघ्यावर बसली, मी एकटा खांबासारखा उभा. आंटीने बाही ओढली. नंतर म्हणाली इतर रविवारी इथे नुसती मान वाकवतात, गुडघे टेकायचे ते नाताळला आणि २५ मार्चच्या सणाला, म्हणजे बरोबर नऊ महिने आधी, देवदूताने मारियाला सांगितलं त्या दिवशी.

तर विनंती एवढीच, २५ मार्चला एखाद्या मराठी लिहिणाऱ्या पाद्रीकडून या विषयावर लेख मागवा, आणि शब्दमर्यादा जरा सैल ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, म्हापसा