कुठे काटेकोर, कुठे सैल

सावरकरनगर, ठाणे

चि. माऊ हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मागच्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की हातातले प्रत्येक काम बिनचूक झाल्याशिवाय तुला चैन पडत नाही, आणि तसे ते कधीच होत नसल्यामुळे रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभरात काय काय राहून गेले याचीच उजळणी चालते. एका ईमेलमधले वाक्य पुन्हा पुन्हा बदलण्यात तुझी सकाळ गेली, खोलीवर पोहोचायला उशीर झाला म्हणून स्वयंपाक केला नाही याची टोचणी लागली, आजीला फोन करायचा राहिला याचीही तितकीच टोचणी लागली, आणि शेवटी ‘माझ्यातच काहीतरी कमी आहे’ असे म्हणून तू फोन ठेवलास. त्या वेळी मी फार बोललो नाही, कारण अशा गोष्टी मला फोनवर नीट मांडता येत नाहीत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली काही फार लांब नाही, तरीही हे पत्रातच लिहायचे ठरवले, म्हणजे तुला सवडीने पुन्हा वाचता येईल.

माझी सारी नोकरी वागळे इस्टेटमधल्या टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि साचे घडवणाऱ्या खात्यात झाली, त्यामुळे जे सांगायचे आहे ते तिथल्याच भाषेत सांगतो. लहानपणी तू मी घरी आणलेल्या रद्द ड्रॉइंगांच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढायचीस. त्यांच्या दुसऱ्या बाजूला काय असायचे, हे तुला समजावून सांगायची वेळ कधी आली नाही. ती आता आली आहे.

यंत्राच्या कोणत्याही भागाच्या ड्रॉइंगवर नुसते माप नसते. ते माप किती कमीजास्त झालेले चालेल हेही तिथे दिलेले असते, एक तर मापाच्या शेजारी किंवा खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत उरलेल्या सगळ्या मापांसाठी मिळून. त्याला आम्ही टॉलरन्स म्हणतो. कितीही महागडे मशीन वापरले तरी दोन जॉब, म्हणजे घडवलेले भाग, तंतोतंत सारखे निघत नाहीत, हे ड्रॉइंग काढणाऱ्याला पक्के ठाऊक असते. आता एकच भाग घेऊ. त्याला पिन बसवण्यासाठी २५ मिलिमीटरचे भोक आहे आणि त्याची बाहेरची लांबी १०० मिलिमीटर आहे. भोकाला ‘एच ७’ असे टॉलरन्स दिले असेल तर ते जास्तीत जास्त २१ मायक्रॉन, म्हणजे ०.०२१ मिलिमीटर, मोठे झालेले चालते आणि लहान झालेले मुळीच चालत नाही. बाहेरच्या लांबीला मात्र सर्वसाधारण मध्यम प्रतीचे टॉलरन्स असेल, तर ती ०.३ मिलिमीटरने कमी भरली तरी चालते आणि तेवढ्यानेच जास्त भरली तरी चालते. म्हणजे पोलादाच्या एकाच तुकड्यावर एका मापाला २१ मायक्रॉनची मोकळीक आहे आणि दुसऱ्याला ६०० मायक्रॉनची. भोकात पिन बसायची आहे आणि बाहेरच्या बाजूला काहीच बसायचे नाही, एवढ्या एका गोष्टीवरून हे ठरते.

आयटीआय करून नवा मुलगा टूलरूममध्ये येतो, तेव्हा त्याला हे उमगायला वेळ लागतो. फिटरच्या मुलांकडून सुरुवातीला भरपूर कानस चालवून घेतात आणि गुण्या लावून फटीतून उजेड दिसतो का ते पाहायला शिकवतात. त्याने हात उत्तम तयार होतो, पण त्याच वेळी प्रत्येक बाजू तशीच निघाली पाहिजे अशी एक समजूतही मनात बसते. मग तो मुलगा जी बाजू पुढे रंगाखाली जाणार आहे ती आरशासारखी करत बसतो, दुपार उलटते, आणि ज्या भोकावर सगळे अवलंबून आहे त्याच्याशी येतो तेव्हा त्याचे डोळे आणि खांदे दमलेले असतात. असा मुलगा आळशी नसतो. उलट साऱ्या खात्यात तोच सर्वांत जास्त राबत असतो, म्हणून त्याचे मला नेहमी वाईट वाटत आले. अशा वेळी जुने कारागीर त्याला रागावत नसत. ते जॉब हातात घेऊन एवढेच विचारत, ‘हे कुठे बसणार आहे?’

बाळा, तुझ्याकडे पाहून मला त्या मुलाची आठवण होते. तुझ्यात काही कमी आहे असे मला वाटत नाही. तू दिवसातल्या सगळ्याच मापांना २१ मायक्रॉनचे टॉलरन्स लावून बसली आहेस, आणि ते कोणालाच झेपणारे नाही.

तुझ्या संगणकाच्या कामातही हीच रीत आहे, आणि ती तूच मला समजावून दिली होतीस. एखादी ऑनलाइन सेवा ९९.९ टक्के वेळ चालू राहील असे ठरवले, की तीस दिवसांत ती सुमारे ४३ मिनिटे बंद पडलेली चालते. त्यालाच तुम्ही एरर बजेट म्हणता. ९९.९९ टक्के म्हटले की तीच मोकळीक चार मिनिटांच्या थोडी पुढे येऊन थांबते, आणि पुढचा प्रत्येक नऊ आधीच्यापेक्षा अधिक महाग पडतो. म्हणून कोणत्या सेवेला किती नऊ हवेत हे तुम्ही आधी बसून ठरवता, आणि मोकळीक शिल्लक असेल तेव्हा ती नव्या गोष्टी करून पाहण्यासाठी वापरता. हे ऐकताना मला फार आनंद झाला होता, कारण टूलरूममधला जुना विचार तुझ्या पिढीच्या धंद्यात नव्या नावाने नांदतो आहे असे वाटले. सर्व्हरला जी ४३ मिनिटे देतेस, तेवढी तरी तू स्वतःला दिली पाहिजेस.

यातून कोणी ‘चालतंय की, एवढं काय त्यात’ असा अर्थ काढू नये, म्हणून हेही आताच लिहून ठेवतो. सैल मापालाही हद्द असते आणि ती ओलांडली की जॉब रिजेक्टच होतो. बाहेरच्या लांबीवर उगाच वेळ न घालवता वाचलेला वेळ आणि डोळ्यांतली ताकद भोकासाठी खर्च करायची असते. ‘चालतंय’ म्हणणारा माणूस भोकालाही बाहेरच्या लांबीचे टॉलरन्स लावतो, आणि त्याचे परिणाम त्याला भोगावे लागत नाहीत. पुढे असेंब्लीत उभा असलेला एखादा अनोळखी कामगार ते भोगतो. अशा बेफिकिरीचा मला आयुष्यभर मनापासून राग आला आहे आणि आजही येतो. तू तशी होशील याची मला भीती नाही, म्हणूनच तुला सैल सोडण्याबद्दल मी इतक्या मोकळेपणाने लिहू शकतो.

आता रोजच्या जगण्यात कुठली मापे काटेकोर धरावीत, याचा मी जरा विचार केला. दिलेला शब्द आणि दिलेली वेळ यांत मोकळीक नसावी. पैशाचा हिशेब, विशेषतः दुसऱ्याच्या पैशाचा, अगदी पैशापर्यंत जुळावा. औषधे, गॅसचा कॉक, कुलूप, कागदपत्रे यांत हयगय नको. तू जे बदल चालू सेवेत टाकतेस, ते गडबडले तर मागे घेण्याची वाट आधी तपासलेली असावी. ते तुझ्या कामातले २५ मिलिमीटरचे भोक आहे असे मी समजतो. आणि हाताखाली कोणी नवे आले तर त्याच्याशी बोलताना जिभेचे टॉलरन्स अगदी बारीक ठेव, कारण पहिल्या वर्षात ऐकलेला अपमान माणूस निवृत्त होईपर्यंत विसरत नाही.

बाकी पुष्कळ गोष्टी कोपऱ्यातल्या चौकटीतल्या टॉलरन्सवर सोडून द्याव्यात. ऑफिसातल्या ऑफिसात जाणाऱ्या ईमेलमध्ये अर्थ स्पष्ट असला की पुरे, ते वाक्य सुंदर नसले तरी कोणाचे काही अडत नाही. खोलीत कपड्यांच्या घड्या पडल्या नाहीत तरी चालेल. दमून आलीस तर मुगाची खिचडी हेही पूर्ण जेवण आहे, आणि तेही झाले नाही तर खालच्या पोळी-भाजी केंद्रातून डबा आणण्यात काही कमीपणा नाही. तुझ्या आईने नोकरी करून घर चालवले ते याच हिशेबाने. भांडी रात्रीची सकाळी घासली गेली, पडदे महिनोन्‌महिने धुतले गेले नाहीत, पण तुझ्या परीक्षेच्या दिवसांत ती रजा टाकून घरी थांबली नाही असे कधी झाले नाही. तिने हे कोणत्या ड्रॉइंगवर पाहिले नव्हते, तिला ते आपसूक कळत होते, आणि तिच्याकडून ते शिकावे असे मला आजही वाटते. आजीच्या फोनचे म्हणशील, तर तिला तो रोजच हवा असतो असे नाही. मात्र रविवारी सकाळी करते असे सांगितले असशील तर ती सकाळपासून फोन जवळ घेऊन बसते. म्हणून तिला वार सांगावा आणि तो पाळावा, बाकीच्या दिवसांची टोचणी लावून घेऊ नये.

दुसरी गोष्ट माप घेण्याच्या वेळेची आहे, आणि रात्रीच्या तुझ्या उजळणीबद्दल ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात, म्हणून चांगल्या कारखान्यात तपासणीची खोली वातानुकूलित असते, मग बाहेर ठाण्याचा मे महिना का असेना. पोलादाचा एक मीटर लांबीचा तुकडा तापमान एका अंशाने वाढले की साधारण साडेअकरा मायक्रॉनने वाढतो. मशीनवरून नुकताच उतरलेला १०० मिलिमीटरचा जॉब मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे माप घेण्याच्या साधनापेक्षा, २० अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ २३ मायक्रॉन मोठा भरतो, म्हणजे त्या भोकाच्या सबंध मोकळिकीहूनही जास्त. तो मोठा भरला म्हणून गरम असतानाच आणखी घासून मापात आणला, तर गार झाल्यावर तेवढाच लहान निघतो, आणि घासून काढलेले पोलाद परत चिकटवता येत नाही. म्हणून जाणता कारागीर जॉब बाजूला ठेवतो, चहा घेऊन येतो, आणि मग माप घेतो.

रात्री अकरा वाजता, दिवसभराचे काम आणि लोकलची गर्दी अंगात असताना, तू स्वतःचे माप घेऊ नकोस. त्या वेळी प्रत्येक चूक मोठी भरते, आणि ती भरली म्हणून माणूस स्वतःला आणखी घासत बसतो. त्याच तापलेल्या वेळी राजीनाम्याचे ईमेल लिहिले जातात आणि मैत्रिणींना लागतील असे शब्द बोलले जातात. राहिलेले काम एका ओळीत कागदावर लिहून झोपावे, आणि आठवडा कसा गेला याचा विचार शनिवारी सकाळी न्याहारी झाल्यावर करावा. वर्षअखेरीस अप्रेझलचे गुण हातात पडतील, त्या दिवशीही त्यांवर काही ठरवू नये; दोन दिवस जाऊ द्यावेत. आणि हे सगळे करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागली नाही, तर तो विषय पत्राने सुटणारा नाही. मग संकोच न करता डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवाही २०२२ पासून सुरू आहे; १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तापाला आपण जसे औषध घेतो तसेच यालाही घ्यावे, असे तुझ्या आईचेही स्पष्ट मत आहे.

तुझ्या बरोबरीची एक मुलगी परदेशी गेली, दुसरीला बढती मिळाली, हेही तू ओघात बोलून गेलीस. त्यांचे कौतुक जरूर करावे. पण दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर आपला जॉब तपासला तर तो कायम चुकीचाच ठरतो, मग तो कितीही नीट बनवलेला असो. त्या मुलींचे काम कुठे बसणार आहे हे तुला ठाऊक नाही, आणि तुझे कुठे बसणार हे त्यांना ठाऊक नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. मी कामाला लागलो तेव्हा तिथे शेडमागून शेडमध्ये लेथ आणि प्रेस चालत; आज त्यांतल्या कित्येक जागांवर काचेच्या इमारती आहेत, आणि तुमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातही रसायनांच्या व इंजिनिअरिंगच्या कारखान्यांच्या शेजारी संगणकाची ऑफिसे उभी राहिली आहेत. तुझ्याही नोकरीत काम बदलेल, आज शिकलेली साधने पुढे निरुपयोगी होतील. त्याची धास्ती आतापासून घेऊ नकोस. समोर आलेल्या नव्या कामाला ‘हे कुठे बसणार आहे?’ असे विचारायची सवय तुला लागली, तर यंत्र कोणतेही असो, तुझे हात रिकामे राहणार नाहीत याची मला खात्री आहे.

या शनिवारी येशील तेव्हा एका कागदावर तुझ्या आठवड्यातली काटेकोर मापे लिहून आण. चार-पाचच लिही, जास्त झाली तर आपण दोघे बसून त्यांतली काही खोडू. येताना खोलीच्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रतही घेऊन ये. आपल्या राज्यात असा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. तुझा नोंदवलेला आहे की नाही आणि अनामत रक्कम परत करण्याबद्दल त्यात काय लिहिले आहे, हे मला स्वतः वाचायचे आहे. आईने मेतकूट करून ठेवले आहे, त्यासाठी रिकामी बरणी आण.

तुझा,
बाबा