बाटली पाहुण्याची, सही वधूपित्याची

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्गशीर्षातले मुहूर्त जवळ आले आहेत आणि वडोदऱ्यातल्या मराठी घरांतून पत्रिका ठाणे-पुण्याकडे रवाना होऊ लागल्या आहेत. आपल्याकडे ज्याची कुजबूज पुष्कळ होते पण उघड बोलणे कोणी काढत नाही, अशा एका विषयावर या निमित्ताने लिहावेसे वाटले. लग्नाला, वाढदिवसाला किंवा हॉटेलात जेवायला जाताना आपली दारू आपणच बरोबर नेण्याची जी पद्धत रूढ होत चालली आहे, तिच्याबद्दल मला बोलायचे आहे. दारूबंदी असावी की नसावी, हा वाद मी इथे काढत नाही. नोकरीच्या काळात पुण्याला असताना परमिट रूमच्या पायऱ्या मीही चढलो आहे, तेव्हा सोवळेपणाचा आव आणण्याचाही प्रश्न नाही.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीचे लग्न शहराबाहेरच्या एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे समारंभासाठी भाड्याने मिळणाऱ्या मोकळ्या जागेवर, झाले. वरपक्ष ठाण्याचा, माणसे हौशी आणि मोकळी. सीमांतपूजनाच्या रात्री शेवटची पंगत उठत असताना तिथल्या मॅनेजरने मला हळूच ऑफिसात बोलावले. टेबलावर कोल्ड्रिंकची दीड लिटरची बाटली होती, आतला रंग कोल्ड्रिंकपेक्षा बराच फिका होता, आणि शेजारी मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन रिकाम्या क्वार्टर होत्या. वरपक्षाच्या खोलीतल्या बेसिनखाली झाडूवाल्या मुलाला त्या सापडल्या होत्या. मॅनेजर आवाज न चढवता एवढेच म्हणाला, “काका, आ शुं छे? फॉर्ममां सही तमारी छे.” आणि त्याने माझ्यापुढे बुकिंगचा फॉर्म सरकवला. कार्यक्रमाच्या जागी मादक पदार्थ आढळल्यास त्याची सर्व जबाबदारी बुकिंग करणाऱ्याची राहील आणि अनामत रक्कम परत मिळणार नाही, अशी त्यात अकरावी अट होती. सहा महिन्यांपूर्वी मी त्या फॉर्मवर चष्मा न लावताच सही केली होती.

अनामत गेली. तिचे दुःख फारसे नाही. लग्नात कुठे ना कुठे पैसे जातातच. पण मुलीच्या बापाने व्याह्यांच्या खोलीत जाऊन “जरा बॅगा उघडा” असे म्हणायचे तरी कसे? मी काही म्हणालो नाही. उरलेली रात्र पार्टी प्लॉटच्या फाटकाकडे डोळे लावून खुर्चीवर काढली, आणि रस्त्यावरून एखादी जीप हळू झाली की पोटात गोळा येत होता. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर वरपक्षातल्या एका तरुणाने, त्याच्या कानावर काही तरी गेले असावे, मनापासून मला सांगितले, “काका, तुम्हाला त्रास नको म्हणूनच तर आम्ही आमची आणली होती.”

तो खोटे बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावेसे वाटले. आपली आपण आणावी म्हणजे यजमानावर भार पडत नाही, हा विचार जगात बऱ्याच ठिकाणी बरोबर ठरतो. माझा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने आम्हाला एका छोट्या उपाहारगृहात जेवायला नेले आणि जाताना वाइनची बाटली सरळ हातात धरून नेली. तिथे गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात मद्यविक्रीचे परवाने मोजूनमापून दिले जातात, त्यामुळे ते अतोनात महाग झाले आहेत आणि लहान हॉटेलवाल्याच्या आवाक्यात राहिलेले नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाने आपली वाइन किंवा बिअर आणावी, वेटरने बूच काढून पेले मांडावेत, असा रिवाज आहे. कडक दारू मात्र आणता येत नाही, आणि ज्याच्याकडे परवाना नाही त्या हॉटेलवाल्याला या सेवेचे पैसेही लावता येत नाहीत. अन्यत्र बूच उघडण्याचे पैसे घेतात, त्याला कॉर्केज म्हणतात. लंडनच्या ब्रिक लेन भागात बांगलादेशी मालकांची जी करी हाउसेस आहेत, त्यांतली कित्येक स्वतः दारू विकत नाहीत, पण गिऱ्हाइकाने आणलेल्या बाटलीला हरकत घेत नाहीत. या सगळ्या ठिकाणी बाटली आणणारा माणूस यजमानाचा खर्च वाचवतो किंवा त्याची परवान्याची अडचण सोडवतो. वडोदऱ्यात तोच माणूस यजमानाला अडचणीत टाकतो, आणि हे त्याच्या गावीही नसते.

नसते, याचे कारण तो ज्या कायद्याखाली ठाण्यात निर्धास्त बसतो, तोच कायदा इथे त्याला पकडतो. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि मुंबईचा दारूबंदी कायदाही त्याच १९४९ सालचा आहे. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा तो दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्राने त्यातली परवान्याची वाट रुंद केली, म्हणून तिकडे बारला आजही ‘परमिट रूम’ म्हणतात आणि पाच रुपयांत एक दिवसाचा पिण्याचा परवाना मिळतो, जो खिशात आहे की नाही हे सहसा कोणी पाहत नाही. गुजरातने बंदी कायम ठेवली, २०११ मध्ये त्या कायद्याला गुजरातचे नाव दिले आणि २०१७ च्या दुरुस्तीने दारू आणणे, नेणे आणि विकणे यांची शिक्षा दहा वर्षांपर्यंत वाढवली. म्हणजे ठाण्याच्या घरातून निघालेली बाटली गुजरातच्या सीमेवरचे भिलाड ओलांडताच त्याच कायद्याच्या वेगळ्या पानावर येते. ज्या गाडीतून ती आली ती गाडी जप्त होऊ शकते. आणि जागा पिण्याच्या बैठकीसाठी वापरू देणाऱ्याला याच कायद्यात वेगळे कलम आहे, ते पाहुण्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

हॉटेलांची गोष्टही थोडी सांगतो. हायवेवरच्या एका जेवणाच्या ठिकाणी आमच्या शेजारच्या टेबलावर पाच-सहा तरुण बसले होते. शीतपेयाची बाटली त्यांनी येतानाच आणलेली होती, आणि वेटरने न सांगता बर्फाचे भांडे व सहा रिकामे ग्लास आणून ठेवले. त्याला सगळे समजत होते. बिलात कॉर्केज अर्थातच नव्हते. उठताना एक नोट त्याच्या मुठीत गेली, तेवढेच. उद्या धाड पडली तर मालक सांगेल की मला माहीत नव्हते, तरुणांचे वडील वकील गाठतील, आणि नोकरी जाईल ती त्या वेटरची. इकडे ज्या पिण्याला ‘छांटापाणी’ असे गोड नाव आहे, त्याची किंमत बहुधा असाच कोणी तरी मोजतो.

इथे दारू मिळत नाही अशी बतावणी मी करणार नाही. फोन केला की घरपोच पोचते, हे या शहरातले शेंबडे पोरही सांगेल, आणि २०२३ च्या डिसेंबरात गिफ्ट सिटीत सरकारने स्वतःच सवलत दिल्यापासून तर पाहुण्यांना “तुमच्याकडे आता सुटले ना?” असे विचारायला जोर आला आहे. ती सवलत गांधीनगरजवळच्या त्या एका वसाहतीपुरती आहे, इथल्या पार्टी प्लॉटला तिचा काडीचा उपयोग नाही, हे प्रत्येकाला समजावत बसावे लागते.

ज्या पाहुण्याला घेतल्यावाचून चालतच नाही, त्याला सरळ मार्ग उपलब्ध आहे. परराज्यातून येणाऱ्याला ओळखपत्र आणि प्रवासाचे तिकीट दाखवून तात्पुरता परवाना मिळतो, आणि ज्या मोठ्या हॉटेलांत परवानाधारक दुकान आहे तिथून खरेदी करून त्याने आपल्या खोलीत बसून प्यावी. इथे राहणाऱ्यांपैकी चाळिशी ओलांडलेल्यांना वैद्यकीय कारणासाठी आरोग्य परवाना असतो, तो वेगळा. मात्र कोणताही परवाना ज्याच्या नावाचा त्याच्यापुरताच असतो. मामाच्या परवान्यावर चार भाच्यांची बैठक बसत नाही. हे सगळे यजमानाने आधी, फोनवर, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, आणि ते घरातल्या वडीलधाऱ्याने व्याह्यांना सांगावे, नवऱ्या मुलीवर ढकलू नये. आपण मानपानाच्या साड्यांची संख्या दहा वेळा विचारतो, मग हे विचारायला आपल्याला संकोच का वाटावा?

पार्टी प्लॉटच्या मालकांना माझी विनंती आहे की ही अट फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक टायपात न छापता पहिल्या पानावर घ्यावी. आणि शासनाने एक गोष्ट स्पष्ट करावी : ज्या यजमानाला पाहुण्याच्या बॅगेत काय आहे हे माहीतच नव्हते, आणि ज्याने आधी लेखी कळवले होते, त्याच्याकडे पोलिसांनी कोणत्या दृष्टीने पाहायचे? आज हे सर्वस्वी धाड घालणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे असे लोक समजतात, आणि त्या समजुतीतूनच ‘मिटवून टाकण्याचे’ दर ठरतात.

येत्या फेब्रुवारीत माझ्या पुतण्याचे लग्न आहे, मुलीकडचे नाशिकचे. मी गेल्या आठवड्यात त्यांच्या काकांना फोन केला. क्षणभर ते गप्प झाले, मग हसून म्हणाले, “बरं झालं सांगितलंत, आमच्यातले दोघे-तिघे आहेत तसे, त्यांना हॉटेलातच उतरवतो, परमिटचं त्यांचं ते बघतील.” पत्रिकेसोबत मी त्यांना अकराव्या अटीची झेरॉक्सही पाठवली आहे.

आपला नम्र,
एक वधूपिता
दांडिया बाजार, वडोदरा