आजीची गोधडी वाचवणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

तुमची सून हे तुम्हाला वाचून दाखवणार आहे, म्हणून मनातलं सगळं लिहितेय. आणि ज्यांच्या माळ्यावर अशी एखादी गोधडी पडून आहे, त्यांनीही वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

आमची गोधडी तुमच्या ओटीत आली, तोवर तिच्यावर सगळ्यांनी फुली मारली होती. लाँड्रीवाल्याने हात लावायला नकार दिला. एक शिंपी म्हणाला, वरून नवं कापड टाकून मशीनच्या चार शिलाया मारून देतो, कोऱ्यासारखी दिसेल. तुम्ही ती उन्हात पसरली, उलटीसुलटी केली आणि पहिला प्रश्न विचारलात, "ही कुणाकुणाची लुगडी?"

मला सगळी सांगता आली नाहीत. वरचं जांभळं इरकल आजीचं, एवढंच ठाऊक होतं. त्या इरकलाचं तुम्ही जे दाखवलंत ते मी कधी निरखून पाहिलंच नव्हतं. इरकल जिथे विणतात त्या कर्नाटकातल्या इलकलच्या मागावर अंगाचा सुती ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा लाल रेशमी ताणा एकमेकांत अडकवून जोडतात, तो जोड आमच्या गोधडीत अजून शाबूत आहे. जोडाच्या एका बाजूचं रेशीम विरून त्याची जाळी झालेली, दुसऱ्या बाजूचं सूत मात्र धुऊन धुऊन नुसतं मऊ झालेलं. "रेशीम मिरवायला, सूत पांघरायला," असं म्हणत तुम्ही त्या सुतावरून हात फिरवलात.

मग टाक्यांकडे वळलात. कडेपासून सुरू होऊन चौकोनात फिरत फिरत मधे येणारा धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. मला सगळा सारखाच दिसत होता. तुम्ही म्हणालात, यात तीन बायकांचे हात आहेत. एकीचा टाका तांदळाएवढा आणि ओढून घेतलेला, दुसरीचा लांब, सैल. तिसरीचा टाका उलट्या अंगाला कललेला, म्हणजे ती डावखुरी असणार. मी तिथूनच कराडला आत्याला फोन लावला. आजीची थोरली जाऊ डावखुरी होती, आणि घट बसायच्या आधी कोयनेवर गोधड्या धुऊन आणल्या की दोघी जावा आणि पणजी मिळून उसवलेलं शिवायला बसायच्या, हे आत्याकडून तेव्हा पहिल्यांदा कळलं. आमच्या घरात या थोरल्या आजींचा एकही फोटो नाही. त्यांच्या हातचं आता आमच्याकडे काही असेल तर ते एवढेच टाके, आणि ते ओळखायला तुम्ही शिकवलंत.

पोटातली जुनी वाकळही तुम्हीच शोधलीत. फाटक्या कोपऱ्यातून बोट घालून थर मोजलेत: वर इरकल, मग कुणाचं तरी धोतर, आणि त्याखाली पूर्ण शिवलेली, जाड दोऱ्याची दुसरीच गोधडी. जुनी टाकून न देता तिच्यावरच नवे पदर चढवायचे, ही आपल्याकडची रीत. पण आमच्या घरात ती झाली होती, हे कुणाच्याच गावी नव्हतं.

दुरुस्तीला मी बाजारातून कोरं कापड आणलं होतं. ते तुम्ही परत दिलंत. कोरं कापड ताठ असतं, आटतं, आणि शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडतं, हे किती साध्या शब्दांत समजावलंत! नायलॉनचा दोराही नको म्हणालात, जुन्या सुताला तो कापतो. "आईचं वापरलेलं सुती पातळ असेल तर घेऊन या." आई गेल्यापासून तिची पातळं कपाटात तशीच घडी घालून होती. काय करायचं त्यांचं, हे मला ठरवता येत नव्हतं. तिचं फिकट हिरवं पातळ आता आजीच्या इरकलाशेजारी ठिगळ होऊन बसलंय, आणि तुमच्या हातचा टाका त्या तिघींच्या टाक्यांना जाऊन मिळालाय. जुना एकही दोरा तुम्ही उसवला नाहीत. याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत ते सुचत नाही.

एक गोष्ट मात्र मला बोलायचीच आहे. तुम्ही सांगितलेली मजुरी फार कमी होती. मी जास्त दिली तर तुम्ही संकोचलात. संकोचू नका, मावशी. प्रदर्शनात हाताने शिवलेल्या पांघरुणाला लोक मागाल ते पैसे मोजतात आणि दारात बसून शिवणाऱ्या बाईशी घासाघीस करतात, हे बरोबर नाही. तुमचं कसब मोठं आहे, त्याचा दामही तुम्ही ठणकावून मागा.

आत्याकडेही एक वाकळ निघाली आहे, उंदरांनी कोपरा कुरतडलेली. तिला मी इतकंच सांगितलंय की धुऊ नको, शिंप्याकडे देऊ नको, नुसती उन्हात घाल. दिवाळीनंतर ती येईल तेव्हा दोघी घेऊन येतो तुमच्याकडे. त्या वेळी मला सुईदोरा घेऊन शेजारी बसू द्या, एवढी विनंती. मलाही हा टाका शिकायचा आहे.

तुमची,
इरकलाच्या गोधडीवाली