पॅडींचे षटक आणि तुमचा करंडक

दादर, मुंबई
९ मार्च २०२५

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

आधी अभिनंदन घे. तुमच्या विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला, आणि तोही उपांत्य फेरीत आमच्या मुंबईला ८० धावांनी घरी पाठवून. पंचवीस वर्षांत तू पुरता नागपूरकर झालास म्हणून ‘तुमच्या’ म्हणतो. चाळीत असताना असे म्हटले असते, तर तू आठवडाभर अबोला धरला असतास. पण पत्राचे खरे कारण वेगळे आहे. तुमच्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर, आपले पॅडी, गेले, आणि तेव्हापासून शिवाजी पार्कचा कट्टा डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपण त्यांना पाहिले ते कारकीर्द उतरणीला लागल्यावर. चेन्नईच्या चेपॉकवर १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले, ही हकीकत तुझे वडील जेवताना ऐकवायचे आणि आपण वरणभात गार होऊ द्यायचो. प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेऊनही ते एकही कसोटी खेळले नाहीत, कारण त्याच काळात भारतीय संघात तसेच डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदी होते. एरवी या गोष्टीवर माणूस जन्मभर हळहळला असता. पॅडी मात्र तोच चार पावलांचा स्टार्ट घेऊन, तोच टप्पा गाठत, षटकामागून षटक टाकत राहिले. पावसाळ्यातल्या कांगा लीगच्या ओल्या खेळपट्टीवर आणि घोट्यापर्यंत वाढलेल्या गवतात डावखुऱ्या फिरकीसमोर पंचवीस धावा काढणाऱ्याला आपण शतकवीराचा मान देत होतो, आठवते? निर्धाव षटक पाहायला शिकलो ते तिथेच. सहाही चेंडूंत काहीच घडत नव्हते, आणि तरीही फलंदाज थोडा थोडा अडकत चालला आहे हे कट्ट्यावरच्या शेंगदाणेवाल्यालासुद्धा कळत होते.

मोठ्या मैदानावरचा आपला दिवस म्हणजे मे १९९१ मधला वानखेडेवरचा हरियाणाविरुद्धच्या रणजी अंतिम सामन्याचा शेवटचा दिवस. ३५५ चे लक्ष्य, सचिनच्या ९६ धावा, मग पडझड, आणि नाबाद १३९ वर उभा असलेला वेंगसरकर समोरच्या कुरुविलाला जपत विजयाकडे सरकत असताना कुरुविला धावबाद आणि दोन धावांनी पराभव. वेंगसरकरच्या डोळ्यांत पाणी आले, तू घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस, आणि चर्चगेट ते दादर मी उगाच तिकीट कुरतडत बसलो. रणजीतल्या पराभवासाठी इतके रडू येते, हे आज माझ्या मुलाला पटत नाही.

त्याच मुलाने गेल्या वर्षी मला वानखेडेवर आयपीएलला नेले. क्षेत्ररक्षण पाहून मी थक्क झालो. सीमारेषेवर हवेत झेपावून चेंडू आत ढकलणारी पोरे आपल्या काळात नव्हती, हे कबूल करतो. वैताग आला तो दर चेंडूनंतर वाजणाऱ्या ढणढणाटाचा. टाळ्या कधी वाजवायच्या तेही भोंगाच सांगतो, त्यामुळे गोलंदाज काय रचतो आहे हे पाहण्याची उसंतच कुणाला मिळत नाही. त्यात २०२३ पासून तो ‘इम्पॅक्ट प्लेयर’ आला. फलंदाजी संपली की एकाला बसवून हवा तो गोलंदाज आणता येत असेल, तर अष्टपैलू खेळाडूला चार षटके द्यायची कुणाला गरज उरते? रोहित शर्मानेही या नियमाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती.

रोहितवरून आठवले. जानेवारीत तो जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळायला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) मैदानावर उतरला, तेव्हा मी गेलो होतो. तो दोन डावांत ३ आणि २८ वर बाद झाला. तो परतला की माझ्या आसपासची बरीच मंडळीही उठत होती. पुढे शार्दूल ठाकूरने दुसऱ्या डावात ठोकलेले शतक बघायला आम्ही मोजकेच उरलो. पालघरहून लोकलने सरावाला यायचा तो हाच मुलगा. मुंबई हरली, तरी ती खेळी मला त्या आयपीएल सामन्याहून अधिक लख्ख आठवते.

आता तुझ्याकडे एक काम आहे. तुमच्या हर्ष दुबेने या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा एका मोसमातला विक्रम मोडला, आणि तोही डावखुरा फिरकी गोलंदाज आहे. जामठ्याचे स्टेडियम शहरापासून लांब पडते हे मला ठाऊक आहे, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानासारखे चालत जाता येत नाही. तरी अंतिम सामन्याला तू गेलाच असशील. मग सविस्तर लिही. त्याचा चेंडू हवेत किती रेंगाळतो, आणि चौकार खाल्ल्यावर तो पुढचा चेंडू आखूड टाकतो की पॅडींसारखा पुन्हा त्याच टप्प्यावर? टीव्हीच्या पडद्यावर मला ते नीट कळले नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश