शनिवारची शिकवणी

मेलबर्न

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की शनिवारी संध्याकाळी मी असते तरी कुठे. आवाज तुटत होता, सांगणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते. मी घरीच असते आणि नवख्या माणसांना व्हिडिओ गेम खेळायला शिकवते. याचे पैसे मिळत नाहीत, कुणी नेमलेलंही नाही. पण मी ते मनापासून करते, आणि तुम्हाला ते नीट कळावं असं वाटतं.

खेळाचं नाव ‘फायनल फँटसी १४’. हजारो माणसं आपापल्या घरी बसून त्या एका जगात एकाच वेळी वावरत असतात. आमच्या भागासाठीचे सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारे संगणक, जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले, त्यांना ‘मटेरिया’ म्हणतात. मी तिथे असते. नव्या खेळाडूच्या नावाशेजारी हिरव्या कोंबाचं चिन्ह दिसतं. कोंब दिसला की ओळख नसली तरी थांबायचं आणि काही अडलंय का ते विचारायचं, अशी तिथल्या पुष्कळ जुन्या खेळाडूंची रीत आहे. मलाही सुरुवातीला असंच कुणीतरी थांबून विचारलं होतं.

पंधराव्या पातळीपर्यंत माणूस बराचसा एकट्याने खेळतो. मग गोष्ट पुढे सरकायला ‘सास्ताशा’ नावाच्या समुद्रकाठच्या गुहेत जावं लागतं, आणि तिथे चौघं लागतात. एकाने पुढे राहून मार झेलायचा, तो टँक. एकाने सगळ्यांच्या जखमा भरायच्या, तो हीलर. उरलेल्या दोघांनी शत्रूला मारायचं. बाकीचे तिघे बहुतेक वेळा अनोळखी असतात, आणि या गुहेच्या तोंडाशी कितीतरी जण महिनोन् महिने अडून राहतात. आतल्या चाच्यांचं त्यांना काही वाटत नाही. माझ्या चुकीने तिघांचा वेळ वाया जाईल, ते मला बोलतील, ही धास्ती असते. एरवी ऑफिसं चालवणारी, मुलं वाढवलेली माणसं इथे येऊन गारठतात.

अॅडलेडच्या एक बाई आहेत, साठी ओलांडलेल्या. मुलगा कामासाठी पर्थला असतो. त्याच्याबरोबर खेळता यावं म्हणून शिकायला आल्या. त्यांनी हीलरचं काम निवडलं. पहिल्या दिवशी चॅटमध्ये त्या एकच शब्द लिहीत होत्या. भिंतीला धडकल्या, सॉरी. मागे राहिल्या, सॉरी. मी गुहेचं नावच काढलं नाही. ग्रिडानिया नावाच्या रानातल्या गावात आम्ही नुसत्या चाललो. कीबोर्डने खेळातल्या आपल्या पात्राचे पाय हलवायचे आणि माउसने त्याची मान वळवायची, ही दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची असतात. लहानपणापासून खेळलेल्यांना हे वेगळं शिकावं लागलं होतं याची आठवणही नसते. म्हणून ते ‘तिकडे बघा ना’ म्हणतात आणि समोरचा माणूस आणखी गोंधळतो.

मग गावाबाहेरचा लाकडी पुतळा. त्याला कितीही मारा, तो उलट मारत नाही. त्यानंतर जमीन. शत्रूचा मोठा वार जिथे पडणार असतो तिथली जमीन आधी नारिंगी होते. नवख्याचे डोळे बटणांना खिळलेले असतात, जमीन त्याला दिसतच नाही. मी बाईंना म्हटलं, आज कुणाची जखम भरू नका, एकही बटण दाबू नका, फक्त जमिनीकडे बघा आणि बाजूला व्हा. आणखी एक खाच आहे. तो रंग नाहीसा होतो त्याच क्षणी वार कुणाला लागला हे ठरून जातं, प्रत्यक्ष वार डोळ्यांना नंतर दिसतो. वार दिसल्यावर हलणारा माणूस हमखास सापडतो आणि आपले हातच मंद आहेत असं समजून बसतो. हे कळल्यावर बाईंनी विचारलं, "म्हणजे माझं वय नडत नव्हतं?"

‘सोपं आहे’ हे मी कधीच म्हणत नाही. आई, हे तुझं. साक्षरतेचा वर्ग देवळाच्या पडवीत भरायचा आणि मी तुझ्या मागे बसून असायचे. पाटीवर ‘ग’ उलटा निघाला की बायका पदराने पाटी झाकायच्या. तू कधी पदर ओढला नाहीस की ‘यात काय अवघड आहे’ म्हणाली नाहीस. दुसऱ्या कुणाशी तरी बोलत बसायचीस, मग ती पाटी आपोआप उघडी व्हायची. सोपं म्हटलेलं जमलं नाही की माणसाला स्वतःची लाज वाटते, हे मला तिथे कळलं.

ज्यांना अनोळखी माणसं नकोच असतात त्यांना मी खेळातल्याच संगणकी सोबत्यांबरोबर गुहेत पाठवते. २०२२ पासून ती सोय आहे. याला काहीजण खरा खेळ मानत नाहीत. मला हे बिलकूल पटत नाही. ज्याला जसं झेपेल तसं त्याने खेळावं.

बाई मात्र माणसांबरोबर आल्या. मी टँक, त्या हीलर आणि दोन अनोळखी. आत शिरताच खेळाने सगळ्यांना कळवलं की इथे कुणीतरी पहिल्यांदा आलंय, आणि त्याबद्दल इतरांना जादा बक्षीस मिळेल. बाईंनी ते वाचून मला विचारलं, "माझ्यामुळे त्यांचा फायदा होतोय?" आत तीन रंगांची पोवळी आहेत, त्यातलं योग्य कोणतं ते एका चिठ्ठीत लिहिलेलं असतं. मला शोधायची घाई नव्हती, ते दोघंही थांबले. बाईंनी चिठ्ठी शोधली, वाचली, पोवळं निवडलं. शेवटच्या लढाईत आम्ही सगळे मेलो. तिथे फार काही बुडत नाही, कपड्यांची थोडी झीज होते आणि पुन्हा उभं राहायचं. बाईंनी चॅटमध्ये लिहिलं, "परत जाऊ या का?" सॉरी नव्हतं. दुसऱ्या खेपेला जिंकलो. शेवटी प्रत्येकाला एकाला शाबासकी देता येते, कुणी दिली ते कळत नाही. बाईंना एक मिळाली.

त्यानंतर त्या एकट्याच दुसऱ्या एका गुहेत गेल्या. तिथल्या कुणीतरी त्यांना ‘येत नसेल तर खेळू नका’ असं सुनावलं आणि मध्येच निघून गेला. त्यांनी मला इतकंच कळवलं. तेव्हापासून खेळातल्या माझ्या ओळखीच्यांच्या यादीत त्यांचं नाव राखाडी दिसतंय, म्हणजे त्या खेळात आलेल्या नाहीत. त्या माणसाचा मला फार राग आला. पण राग करून बाई परत यायच्या नाहीत.

मी एक निरोप पाठवलाय: वाट बघतेय, घाई नाही. दुसरा पाठवावा की नाही ते कळत नाही. पुन्हा लिहिलं तर त्यांना ओझं वाटेल, गप्प बसले तर विसरले असं वाटेल. आई, तुझ्या वर्गातली एखादी मध्येच यायची थांबली की तू तिच्या घरी जायचीस का? गेलीस तर वर्गाचा विषय काढायचीस, की नुसतीच बसून यायचीस? रविवारी फोन करते तेव्हा हे आधी सांग.

तुमची,
लेक