सव्वासहाच्या फेरीबद्दल आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपले आभार तोंडी मानू लागले की आपण विषय पावसापाण्याकडे वळवता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे, की वजन उतरवण्याचा निश्चय टिकत नाही म्हणून स्वतःलाच दूषणे देणारी माणसे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांना जो उपदेश सहसा ऐकावा लागतो, त्याहून आपली रीत पुष्कळच निराळी होती आणि ती त्यांच्याही कानी पडावी असे मला वाटते.

माझ्या रक्ततपासणीत एचबीए१सीचा, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा ५.७ ते ६.४ या पट्ट्यात, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करण्याची आणि नियमित चालण्याची आवश्यकता मला नीट समजावून सांगितली होती. अमेरिकेत अशाच उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांची एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यापुढे वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्या गटात ते ३१ टक्क्यांनी घटले. हे ऐकल्यावर व्यायाम का करायचा याविषयी माझ्या मनात शंका उरली नव्हती. तरीही उद्यापासून सुरुवात करायची असे दर रात्री ठरत असे, आणि तो उद्या सकाळी उजाडत नसे.

त्या काळात भेटेल तो मला प्रेरणादायी उदाहरणे सांगत होता, आणि आपल्या नाशिकला त्यांचा तुटवडा नाही. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही जाते. या सर्वांविषयी मला नितांत आदर आहे. परंतु जानेवारीच्या पहाटे, निफाडचा पारा घसरल्याची बातमी आदल्या रात्रीच ऐकलेली असताना, अंगावरची दुलई बाजूला सारण्याच्या कामी त्यांपैकी कोणीही माझ्या उपयोगी पडले नाही. असामान्य माणसांच्या कथांनी ऊर भरून येतो आणि चहा होईपर्यंत ओसरतो, असा निदान माझा तरी अनुभव आहे.

आपण यांतले काहीच सांगितले नाही. राज्य परिवहन महामंडळात वाहतूक नियंत्रक म्हणून उभी नोकरी केलेल्या माणसाला शोभेल असा एकच प्रश्न आपण विचारला: “तुमच्या घरी पाणी किती वाजता येते?” मग मुलांचे डबे, सासूबाईंचा चहा, माझी कार्यालयात निघण्याची वेळ हे सारे आपण विचारून घेतले आणि त्यांच्यामध्ये जी फट सापडली, तीत सव्वासहा ही वेळ बसवली. पहाटे पाचला उठण्याचे माहात्म्य मला आजवर अनेकांनी सांगितले होते. माझ्या घराच्या वेळापत्रकात व्यायामाला जागा शोधून देणारे आपण पहिलेच. स्त्रियांच्या बाबतीत व्यायाम मागे पडतो तो बहुधा याच ठिकाणी. घरातल्या सर्वांचे झाल्यावर उरेल तो वेळ स्वतःचा, असा हिशेब असला की तो वेळ उरतच नाही, आणि दोष मात्र आळसाला दिला जातो.

इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकपाशी पहिल्या दिवशी आपण जे म्हणालात, ते मी पुढे कित्येकांना सांगितले आहे. गाडीत प्रवासी किती बसले हे पाहून कंट्रोलर गाडी सोडत नाही, घड्याळ पाहून सोडतो. तेव्हा आज उत्साह किती आहे याची चौकशी करत बसू नका, सव्वासहाला फाटकापाशी या. पहिले काही आठवडे आपण मला दोन चकरांच्या वर चालू दिले नाहीत. एवढ्याशा चालण्याने काय होणार, असे मला वाटे आणि कधी रागही येई. पण आपण म्हणालात की सध्या आपण वजन उतरवत नाही आहोत, वेळ पक्की करत आहोत. काळोखात एकटीने बाहेर पडण्याची धास्ती, भटक्या कुत्र्यांचे भय, या ज्या गोष्टी कोणत्याही आहारतक्त्यात लिहिलेल्या नसतात, त्याही आपण आणि काकू फाटकापाशी उभे असल्यामुळे आपोआप मिटल्या. मी आले नाही तर कोणी रागावणार नव्हते, परंतु दोन वडीलधारी माणसे थंडीत ताटकळत उभी राहतील हे ठाऊक असताना पुन्हा पांघरूण ओढून घेणे मला जमले नाही.

आपण माझे वजन एकदाही विचारले नाहीत, याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आले त्या दिवशी फुली, न आले त्या दिवशी कोरी चौकट, एवढीच नोंद आपण ठेवायला लावलीत. पुढे आहारतज्ज्ञ बाईंकडून कळले की या साध्या नोंदीमागे मोठे शहाणपण होते. खाणे कमी केल्यावर सुरुवातीला वजन जे भराभर उतरते, त्यात बराचसा वाटा पाण्याचा असतो, कारण ग्लायकोजेनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते आणि तो साठा घटला की ते पाणीही जाते. खारट खाल्ले, पाळीचे दिवस जवळ आले, एवढ्यानेही काटा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. रोज काट्यावर उभे राहणाऱ्या माणसाची उमेद अशा पाण्याच्या चढउतारावर टांगलेली राहते. कोणाला रोज वजन केल्याने मदत होत असेलही. मला झाली नसती. फुलीचे मात्र तसे नव्हते, कारण ती सर्वस्वी माझ्या हातात होती.

नंतर वजन खरोखरच अडून बसले आणि महिना उलटला तरी हलेना, तेव्हा आपण जे केलेत ते मला आपल्या साऱ्या मदतीत मोठे वाटते. आपण म्हणालात, “यातले मला कळत नाही. ज्याला कळते त्याच्याकडे जा.” आमच्याकडे व्यायाम करणारा प्रत्येक माणूस अर्धा वैद्य असतो, जिरे-पाणी, मध-लिंबू, रात्रीचे जेवण बंद, भात बंद, असे सल्ले ट्रॅकवर चालता चालता फुकट मिळतात. आपण तो मोह टाळलात आणि मला आहारतज्ज्ञाकडे पाठवलेत. तेथे समजले की उतरलेल्या शरीराला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे जे खाणे आणि जेवढे चालणे आधी पुरेसे होते, ते पुढे पुरत नाही. ही शरीराची ठरलेली चाल आहे, माझ्या निश्चयातली खोट नव्हे. शिवाय वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून ताटात उसळ, डाळ, दही, ताक वाढवावे आणि आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम करावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबर स्नायूंच्या व्यायामाचे हे दोन दिवस सांगितले आहेत, पण चालणारी मंडळी ते सोयीस्करपणे विसरतात. हे कळल्यावर आपल्याला लहानपणची तालीम आठवली आणि आपण मला बैठका शिकवल्यात, आधी बाकाचा आधार घेऊन, मग आधाराशिवाय. साडी नेसूनही बैठका काढता येतात हे काकूंनी तेथेच प्रात्यक्षिकासह सिद्ध केले.

पावसाळ्यात ट्रॅकवर चिखल झाला तेव्हा आमच्यातले बरेच जण दिवाळीनंतर भेटू म्हणून पांगले. आपण त्याच दिवशी सव्वासहालाच आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी हजर झालात. रस्ता बंद असेल तर गाडी दुसऱ्या मार्गाने न्यायची असते, असे म्हणून आपण जिने चढायला लावलेत. त्या जिन्यांमुळेच श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी प्रदक्षिणेला जाण्याचे धाडस माझ्या मनात आले. ती वाट सुमारे २० किलोमीटरची, बव्हंशी पावसात आणि घसरड्या दगडांवरून चालण्याची आहे. त्या सोमवारी जादा गाड्या सोडण्यासाठी आपण नोकरीत असताना रात्र रात्र बसस्थानकावर उभे राहत होता, पण स्वतः प्रदक्षिणा कधी केली नव्हती, हे मला परतीच्या गाडीत समजले. आपण शेवटपर्यंत माझ्या बरोबरीने चाललात, आणि दम लागल्याचे आपल्यापैकी कोणीच कबूल केले नाही.

त्यानंतर सासूबाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि दवाखाना, कार्यालय, घर यांत माझे चालणे पार बंद पडले. दिनदर्शिकेची पाने कोरी राहू लागली, तशी ती पाहण्याचीही लाज वाटू लागली. सगळे मुसळ केरात गेले, असा माझा समज झाला. आपण फोन करून सासूबाईंची विचारपूस केलीत आणि शेवटी एवढेच म्हणालात, “गाडी आगारात उभी आहे, भंगारात निघालेली नाही. केव्हा काढायची ते तुम्ही ठरवा.” त्या वाक्याने मला जे दिले ते कोणत्याही भाषणाने दिले नसते. माझ्या मुलीने नंतर मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाविषयी सांगितले. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्याला या अभ्यासात आधार मिळाला नाही. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मध्येच एखादी संधी हुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही, हा त्यातला निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला आपले आगार आठवले. माझा खंड एखाद्या दिवसाचा नव्हता, पुष्कळ मोठा होता. तरीही परतल्यावर उठण्याची वेळ शरीराला लगेच ओळखीची वाटली.

रविवारच्या मिसळीविषयीही लिहायला हवे, कारण नाशिकमध्ये व्यायामाचे गट मिसळीवरच जमतात आणि मिसळीवरच विसर्जित होतात. पांडवलेणी चढून उतरायची आणि मग तर्री, पाव, पापड, दही आणि वर जिलबी असा बेत करायचा, म्हणजे पायऱ्यांनी जे खर्च केले त्याच्या कितीतरी पट परत मिळवायचे, हे सगळ्यांना माहीत असते. आपण त्यावर प्रवचन केले नाहीत. महिन्यातून एका रविवारी आपण स्वतः आम्हाला घेऊन जाता आणि चवीने खाता; मात्र तो रविवार आधी ठरलेला असतो. व्यायाम केला म्हणून खाण्याचे बक्षीस, किंवा खाल्ले म्हणून व्यायामाची शिक्षा, हा हिशेबच आपण आमच्यात शिरू दिला नाहीत, आणि माझ्या मते आमचा गट टिकला तो यामुळेच.

डॉक्टरांनी सांगितलेले सात टक्के आता उतरले आहेत आणि गेल्या तपासणीत साखरेचा आकडा ५.७ च्या खाली आला आहे. तो तेथेच राहील अशी हमी कोणी देत नाही. म्हणूनच फेरी चालू आहे.

शेवटी काकूंचे आभार, आणि ते थोडे अधिकच. आपल्या समाजात वजन कमी करणाऱ्याचा खरा कस लागतो तो आग्रहापुढे. हळदीकुंकू असो, बारसे असो, सहज म्हणून गेलेले घर असो, “एवढ्याने काय होते, घ्या हो” हे ऐकून ताटात पडलेले लाडू नाकारणे म्हणजे वाढणाऱ्या हाताचा अपमान, असे आपण सर्वांनी मानून घेतले आहे. उपवासाच्या दिवशी तर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याचा कीस यांच्यापुढे एरवीचे जेवण फिके पडते. काकूंच्या घरी मी आजवर अनेकदा चहाला आले. बशीत जे ठेवलेले असते त्याच्यावर त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाढले नाही, आणि मी नको म्हटले तर कारण विचारले नाही. पाहुण्याच्या “नको”वर विश्वास ठेवणारी गृहिणी मी दुसरी पाहिलेली नाही. त्यांना माझा नमस्कार सांगावा. सोमवारी माझ्याबरोबर आमच्या मजल्यावरच्या वहिनी येणार आहेत; त्यांच्या घरी पाणी साडेसहाला येते, तेव्हा त्यांच्या वेळेचे काय करायचे ते आपणच ठरवावे.

आपली नम्र,
आपल्या सकाळच्या गटातील एक सहप्रवासी
इंदिरानगर, नाशिक